केळीच्या खांबाच्या धाग्याची शीट पावसाळ्यात फुगली, काय चुकतंय?

रावेरचा_भाऊ

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण वाचा, मला खरंच उत्तर पाहिजे.

आमची रावेर तालुक्यात सहा एकर केळी. चार एकर मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली, दोन एकर कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना लावलेली. घड कापला की खांब उभाच राहतो, मग तो पाडा, ओढत बांधावर न्या, तिथं तो दोन-दोन महिने कुजत पडतो. एक खांब पंचवीस ते तीस किलोचा, एकरी चौदाशे-पंधराशे झाडं, म्हणजे एकरी पस्तीस-चाळीस टन माल फेकायचा आणि फेकायची मजुरी पण आपणच द्यायची. लहानपणापासून हे बघतोय आणि दरवर्षी जीव तुटतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून जुनं धागा काढायचं मशीन घेतलं. खांबाचं सोपट, म्हणजे जाड साल, एकेक सुटं करायचं, रोलरमध्ये द्यायचं, गर आणि पाणी खाली पडतं आणि हातात रेशमासारखा धागा येतो. वाळल्यावर एका खांबाचा दीडशे-दोनशे ग्रॅम. दोन माणसं दिवसभर राबली तर बारा-पंधरा किलो. पण धागा विकायला गेलं की व्यापारी दर वेळी वेगळाच भाव सांगतो, म्हणून ठरवलं की इथंच काहीतरी वस्तू बनवू.

जानेवारीत पॉलिस्टर रेझीन (घट्ट होणारा प्लास्टिकचा चिकट द्रव) आणून दीड फुटी बारा शीट केल्या. साच्याला मेण लावलं, धाग्याचे थर अंथरले, ब्रशने रेझीन भरलं, वर फळी आणि विटांचं वजन. काय सुंदर दिसत होत्या सांगू, मधासारखा रंग आणि आत धागा दिसतोय. श्रावणात शेडमध्ये जाऊन बघतो तर कडा फुगलेल्या, मध्ये पांढुरके डाग, दोन शीटचे तर थर पापुद्र्यासारखे सुटले, नख आत जातं. धाग्यातच दोष आहे की आमच्या हातात? आणि या धाग्याचं नेमकं बनवावं तरी काय?

चहाबाज

उत्तर माहीत नाही पण फोटो टाका भाऊ, मधाचा रंग बघायचाय.

पॉलिमरकाका

भाऊ, दोष धाग्यात नाही. पाण्यात आहे.

केळीचा धागा म्हणजे बहुतेक सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची प्रचंड ओढ. तुम्ही उन्हात कडकडीत वाळवला तरी शेडमध्ये ठेवल्यावर तो हवेतली ओल परत ओढून घेतो, आठ-दहा टक्के तर सहज. त्या ओल्या धाग्यावर रेझीन ओतलं की ते धाग्याला चिकटत नाही, नुसतं भोवती घट्ट होतं. पॉलिस्टर ओलीच्या जागी नीट पिकतही नाही, म्हणजे घट्ट होत नाही, तुमचे पांढुरके डाग बहुधा तेच. मग पावसाळ्यात कडेला कापलेल्या धाग्यांच्या टोकांतून पाणी आत शिरतं. प्रत्येक धागा आतून पोकळ असतो, बारीक नळीच म्हणा. धागा फुगतो, उन्हात आकसतो, चार वेळा असं झालं की थर सुटले.

फायबरग्लासमधल्या काचेच्या धाग्याला हा त्रास फारसा नाही, तो पाणी पीत नाही. पण काचेची घनता अडीच आणि तुमच्या धाग्याची सव्वा ते दीड, म्हणजे तेवढ्याच जाडीला वस्तू हलकी होते. फायदा तिथं आहे, तो सोडू नका.

काय कराल ते सांगतो. धागा दोन-तीन सेंटीमीटरचा कापा, गरम पाण्यात धुवा म्हणजे चिकटलेला गर जाईल. नंतर पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन-तीन तास. त्याने वरचं मेण आणि लिग्निन (धाग्याला चिकटलेला लाकडी भाग) बरंचसं निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझीनला धरायला जागा मिळते. पाच टक्क्यांच्या वर जाऊ नका, धागाच कमजोर होईल. मग स्वच्छ पाण्याने धुवत राहा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेझीन लावायच्या आधी धागा शंभर अंशाच्या आसपास भट्टीत वाळवून गरम असतानाच वापरा. रात्री वाळवला आणि सकाळी वापरला असं नको.

आणि एक, हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. तसंच रेझीन घट्ट करणारा हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारा कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलोय आणि शेवटपर्यंत सांगत राहणार.

मातीतली

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण ते कॉस्टिकचं पाणी जाणार कुठे? भाऊंच्या शेडच्या मागे चारीत ना? सोडियम जमिनीत गेलं की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते, आणि चोपण जमीन सुधारायला किती वर्षं लागतात ते मी माहेरच्या शेतावर बघितलंय. नंतर जिप्सम टाकून टाकून थकतो माणूस.

दुसरी गोष्ट, खांब म्हणजे 'फेकायचा माल' हे बोलणंच मला पटत नाही. केळी हे पोटॅश खाणारं पीक, आणि त्यातला केवढातरी पोटॅश खांबातच असतो. तो खांब बारीक करून बागेतच जिरवला तर पुढच्या वर्षीची खताची गोणी वाचते. आपण सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून रडतो आणि शेतातली शेवटची काडीसुद्धा उचलून न्यायच्या योजना करतो. गव्हाचा भुसा गेला, पाचट गेलं, आता खांब पण.

रावेरचा_भाऊ

ताई, पोटॅशचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण हिशोब बघा, पंचवीस किलोच्या खांबातून मी बाहेर नेतो तो दोनशे ग्रॅम धागा. बाकी सगळं पाणी आणि गर मशीनखालीच पडतो आणि आम्ही तो ट्रॉलीत भरून परत बागेत टाकतो. उलट आख्खा खांब बांधावर पडला की त्यात सोंडकिडा पैदास करतो. गर लवकर कुजतो, आख्खा खांब लवकर कुजत नाही.

नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तर खांबाच्या रसापासून द्रवरूप खत केलंय, आणि मधल्या गाभ्याची कँडी. मी तिथं जाऊन बघून आलोय. आम्ही रस नुसता ड्रमात धरून चार झाडांना घालतो, एवढंच.

कॉस्टिकचं मात्र मला माहीत नव्हतं. ते चारीत सोडणार नाही, शब्द देतो.

मातीतली

धागा नेऊन गर परत येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. मग उलट चांगलंच.

वऱ्हाडी_पऱ्हाटी

तुमच्या इकडं खांब तर आमच्या इकडं पऱ्हाटी बाप्पा, कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं. हेक्टरी दोन-तीन टन निघते. चिमट्यानं उपटा, धुऱ्यावर गंजी लावा, थोडी चुलीत जाते बाकी पेटवून देतात. ठेवता पण येत नाही, गुलाबी बोंडअळी त्यातच बसते, २०१७ ले काय हाल झाले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मुंबईत माटुंग्याले कापसाची संशोधन संस्था आहे, सर्कॉट, १९२४ पासूनची. त्यांनी पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड बनवून दाखवले, चांगले टणक. पऱ्हाटीचं लाकूड आतून जंगली लाकडासारखंच असते म्हणतात. मले वाटलं आता आपलं नशीब उघडलं. पण गोम कुठं आहे तर वाहतुकीत. आख्खी पऱ्हाटी ट्रॅक्टरात भरली तर ट्रॉली दिसते डोंगराएवढी आणि काट्यावर वजन काहीच नाही, डिझेलचे पैसे निघत नाहीत. शेतातच चिपिंग केलं, म्हणजे बारीक तुकडे केले, तर जमते पण चिपर घ्यायचा कोणी, आणि तो वर्षातले दोन महिनेच चालणार, बाकी दहा महिने उभा. म्हणून मी म्हणतो रावेरच्या भाऊनं बरोबर केलं, मशीन बागेजवळ आणलं. केळी बारा महिने कटते, तुमचं मशीन बसून राहणार नाही. हे तुमचं मोठं भाग्य आहे, आमच्याकडं ते नाही.

रावेरचा_भाऊ

खरंय. खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, ते गाडीत घालून कारखान्यात नेणं म्हणजे विहीर वाहून नेणं.

स्टुटगार्टहून

मी मूळचा भुसावळचा, इथे गाड्यांच्या आतल्या भागांच्या कंपनीत आहे, म्हणून लिहायचा मोह आवरत नाहीये.

गाडीच्या दरवाजाचं आतलं पॅनल असतं ना, युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत ते जवस, हेम्प किंवा अंबाडीच्या जातीच्या केनाफच्या धाग्याचं असतं. तो धागा आणि पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचा धागा एकत्र मिसळून जाड गोधडीसारखी चटई करतात, ती तापवतात आणि थंड साच्यात दाबतात, एका मिनिटाच्या आसपास पॅनल तयार. पॉलिप्रॉपिलिन १६५ अंशाच्या आसपास वितळतं आणि वनस्पतीचा धागा दोनशेच्या वर गेला की करपायला लागतो, त्यामुळे ही जोडी जमते. नायलॉनबरोबर अवघड होतं.

आणि भाऊ, तुमच्या केळीची सख्खी बहीण आधीच गाडीत बसलीय. फिलिपिन्समधला अबाका म्हणजे केळीच्याच कुळातला, २००५ च्या आसपास मर्सिडीजच्या ए-क्लासमध्ये स्टेपनीच्या खड्ड्याचं बाहेरचं झाकण अबाकाचं होतं. म्हणजे रस्त्यावरचे दगड आणि पाणी सोसणारा भाग. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट आमच्या आत्याची बाग आठवली.

पण इथला खरेदीवाला पहिला प्रश्न ताकदीचा विचारत नाही. तो विचारतो की पुढच्या मार्चमध्ये येणारा माल या मार्चसारखाच असेल का. आणि दुसरा प्रश्न वासाचा. बंद गाडी उन्हात तापली की नीट न वाळलेल्या धाग्याचा कुबट वास येतो, त्यावरून आख्खे लॉट परत जातात.

पॉलिमरकाका

पॉलिप्रॉपिलिनचा मुद्दा चांगला आणलात. तिथेही धागा आणि प्लास्टिक एकमेकांना धरत नाहीत, एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला अजिबात नाही. म्हणून मॅलिक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलिन दोन-तीन टक्के घालतात, ते मध्यस्थासारखं दोघांचे हात धरतं.

लग्नाळू

स्थळ जुळवणाऱ्या मावशीसारखं?

पॉलिमरकाका

अगदी तसंच! आणि मावशीसारखंच प्रमाणात हवं, जास्त झालं की काम बिघडतं.

सावंतवाडीकर

आमच्या कोकणाकडे पण बघा जरा. काजूच्या टरफलातून तेल निघतं, अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते, आमच्याकडे बायकांचे हात बघा काजू फोडून फोडून कसे झालेत ते. त्याच तेलातून कार्डानॉल काढतात आणि त्याचं रेझीन बनतं, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरतात. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझीनला लागणारा एक हार्डनर पण त्यातूनच, फेनाल्कमाइन नावाचा, आणि तो ओलसर जागी सुद्धा पिकतो असं पेंटवाले सांगतात, बोटींना लावतात. म्हणजे धागा रावेरचा आणि रेझीन वेंगुर्ल्याच्या काजूचं, असं का होऊ नये? पॉलिस्टर सगळं पेट्रोलचंच की. माझ्या शेजारच्या काजू कारखान्यात टरफलांचे ढीग पडलेले असतात, बॉयलरात घालतात.

मातीतली

हे वाचून खरंच बरं वाटलं. भाऊ, एक विनंती. पॉलिस्टरच्या शीटवर 'पर्यावरणपूरक, कुजणारी' असं छापू नका. धागा कुजेल, रेझीन नाही.

पॉलिमरकाका

ताईंशी पूर्ण सहमत. कुजतही नाही आणि वितळवून परत वापरताही येत नाही. 'काचेच्या जागी केळीचा धागा' एवढंच लिहा, ते खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

धाब्याचं_घर

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. हे सगळं वाचताना मला आजीच्या घराचा कूड आठवला. तुराट्या आणि पऱ्हाटीची काडी उभी-आडवी विणायची, दोन्ही बाजूंनी चिखल. तो चिखल साधा नाही. माती, गव्हाचा भुसा, शेण, पाणी घालून खड्ड्यात आठ दिवस मुरवायची, आम्ही पोरं त्यात नाचून तुडवायचो, पायाला भुसा टोचायचा. आजी मुठीत घेऊन गोळा दाबायची आणि मग तोडून बघायची, तोडताना भुशाच्या काड्यांनी दोन्ही तुकडे धरून ठेवले पाहिजेत, सटकन तुटला तर म्हणायची अजून भुसा घाला. ती भिंत माझ्या वडिलांपेक्षा मोठी होती वयाने. हे पण कंपोझिटच ना, म्हणजे धागा आणि त्याला धरणारा माल मिळून झालेली वस्तू?

पॉलिमरकाका

हेच कंपोझिट! तुमच्या आजी जे गोळा तोडून बघायच्या ती आमच्या प्रयोगशाळेतली तपासणीच आहे. काडी ताण घेते, माती दाब घेते, आणि तडा गेला तर भुसा त्याला आडवा येतो. आजी भुसा कोरडा घ्यायच्या की ओला?

धाब्याचं_घर

कोरडा, नव्या सुगीचा. ओला झालेला बाजूला काढायची, कारण विचारलं नाही कधी.

सुतारमेस्त्री

मी सुतार माणूस, केमिकल मला कळत नाही. पण ते कुडाचं वाचलं आणि एक सांगावंसं वाटलं. कुडाची भिंत इतकी वर्षं टिकली ती वळचणीमुळं. छप्पर हात-दीड हात पुढं काढलेलं असायचं, पावसाचा थेंब भिंतीला लागत नसे, आणि खाली दगडाचं जोतं. छप्पर गेलं की कूड दोन पावसाळ्यात जमिनीला.

प्लायवूडचं पण तसंच आहे. उघडी कड ठेवली की भारीतला प्लाय पण फुगतो, म्हणून आम्ही पट्टी मारतो. भाऊ, तुम्ही शीट करवतीनं कापून तशाच ठेवल्या होत्या का? कडेला काही लावलं होतं?

रावेरचा_भाऊ

नाही मेस्त्री. काहीच नाही. कापल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या, खालची कड कोब्यावर. फुगल्या त्या खालूनच फुगल्यात, आत्ता जाऊन बघितलं.

सुतारमेस्त्री

मग तुमचं निम्मं उत्तर तिथंच आहे. शीटला वळचण द्या.

स्टुटगार्टहून

मेस्त्री, आमच्याकडे पण पॅनलची कड दुमडून किंवा कापड गुंडाळून बंदच करतात, उघडी कधीच सोडत नाहीत.

रावेरचा_भाऊ

तीन आठवड्यांनी लिहितोय, मध्ये कांदेबागेची लागवड होती.

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. फक्त कॉस्टिक वापरलं नाही, ताईंचं ऐकलं. धागा नुसत्या उकळत्या पाण्यात दोनदा धुतला, मग गावातल्या बेकरीवाल्याला विनंती केली, त्याची भट्टी रात्री उतरल्यावर शंभर अंशाच्या आसपास असते, तिथं ट्रेमध्ये दोन तास धागा ठेवला आणि डब्यात बंद करून लगेच आणला. वजन करून बघितलं तर एक किलो 'वाळलेल्या' धाग्यातून नव्वद ग्रॅम पाणी गेलं! म्हणजे आम्ही पाण्यावरच रेझीन ओतत होतो.

शीटचे चार इंची तुकडे केले, तीन प्रकारचे. जुन्या पद्धतीचा, भट्टीत वाळवलेल्या धाग्याचा, आणि भट्टीत वाळवून चारी कडांना रेझीनचा हात मारलेला. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, तिन्ही पन्नास ग्रॅमच्या आसपास. चोवीस तास बादलीत बुडवले, पुसून परत काट्यावर. जुना साडेचार ग्रॅमने वाढला, भट्टीवाला अडीच ग्रॅमने, आणि कडा बंद केलेला पाऊण ग्रॅम पण नाही. सोनार पण बघत बसला होता, म्हणाला उद्या परत आण.

आता दुसरा प्रश्न राहतोच. काय बनवू? मेस्त्री, फ्लश डोअरच्या आतल्या बाजूला किंवा देवघराच्या मागच्या पॅनलला चालेल का हे, म्हणजे पाणी न लागणाऱ्या ठिकाणी?

पॉलिमरकाका

भाऊ, तुमचा आकडा वाचून मी हिला हाक मारून दाखवला. बेकरीची भट्टी मला सुचली नसती. कॉस्टिकशिवाय एवढं जमतंय तर घराच्या आतल्या वस्तूंना ते नकोच. आता बादलीतून काढून वाळवा आणि परत बुडवा, असं पाच वेळा. पावसाळा एकदाच येत नाही.

सावंतवाडीकर

पत्ता खाजगी निरोपात पाठवा, कार्डानॉलवाल्या हार्डनरचा नमुना मिळवून देतो. काजूच्या हंगामाआधी.

सुतारमेस्त्री

देवघराचं पॅनल चालेल, कपाटाची पाठ पण चालेल, तिथं सहा मिलीचा प्लाय घालतो आम्ही. पण स्क्रू धरतो का ते बघावं लागेल. कडेपासून एक इंचावर अर्ध्या इंची स्क्रू पिळून बघा, चीर जाते का, आणि काढून त्याच भोकात परत पिळा. दुसऱ्यांदा पण धरला तर दोन फूट बाय तीन फुटाची एक शीट पाठवा, एक कपाट बनवतोच आहे, त्याच्या पाठीला लावतो आणि पावसाळाभर माझ्याच घरात ठेवतो.

रावेरचा_भाऊ

दोन बाय तीनचा साचा नाही मेस्त्री. उद्या लोखंडवाल्याकडे जातो.